बुडव्याचं वजन

दगड पाण्यात बुडतो याची ज्यांना फार खात्री आहे, त्यांनी एकदा बुडबुडेताईंच्या खोलीत जाऊन यावं. तिथे बादलीत टाकलेला मुठीएवढा दगड आधी खाली जातो, मग काहीतरी आठवल्यासारखा वर येतो आणि बदकासारखा डुलत बसतो. पाहणारा हसतोच. सत्तावीस वर्षं तेच पाहून ताईंनाही अजून हसू येत असे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी राजीनामा देईन, असं त्या सांगत.

हे दगड ज्वालामुखीतले. आतला वायू उसळतो, लाव्हा फेसाळतो आणि फेसासकटच थिजतो. टाचा घासायला जो खरखरीत, हलका दगड मिळतो तो याच्याच भावकीतला. असा दगड म्हणजे साधारण तीन भाग हवा आणि एक भाग दगड. ती हवा नेमकी किती यावरून तो डोंगर फुटताना किती चवताळला होता हे विभागाचे मोठे सर सांगत. सरांनी सांगायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि ताईंनी मोजायचं, अशी कामाची वाटणी होती.

विसाव्या वर्षी त्या इथे बाटल्या धुवायला लागल्या. तेव्हाचा मोजणारा माणूस वारंवार आजारी पडे, म्हणून दोन दिवस त्याच्या जागी बसल्या त्या बसल्याच. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण सगळी इमारत त्यांना बुडबुडेताईच म्हणे. दगडातले बुडबुडे मोजणारी बाई, दुसरं काय म्हणणार?

मोजायची रीत साधी आणि कटकटीची. दगड आधी भट्टीत कोरडा करायचा, तोलायचा. भोकांत पाणी शिरू नये म्हणून मेणाच्या पातळ पापुद्र्यात घट्ट गुंडाळायचा. मग पाण्यात बुडवून पुन्हा तोलायचा. दोन वजनांवरून त्याचं आकारमान निघतं, आकारमानावरून घनता, आणि घनतेवरून आतली हवा. कारण तोच दगड दळून पीठ केला, हवा सगळी घालवली, की पाण्याच्या जवळपास अडीचपट भरतो. आता तरंगणारा दगड बुडवायचा कसा? त्याला खाली ओढायला पितळेचं एक वजन लागतं. ताईंकडे काटा तपासणाऱ्या कुणा जुन्या माणसाने टाकून दिलेलं पन्नास ग्रॅमचं वजन होतं. त्याच्या बुडाला भोक पाडून शिसं ओतलेलं होतं. त्याचं नाव बुडव्या. काट्याच्या खालच्या हुकाला नायलॉनचा फास लटकायचा, फासात बुडव्या, बुडव्याच्या मानेला दगड, आणि ही सगळी वरात बादलीत. बुडव्याचं वजन पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टाचलेलं होतं: हवेत ५६.३१, पाण्यात ४९.६०. खाली ताईंच्याच अक्षरात लाल शाईने सूचना होती: रोज सकाळी आधी बुडव्याचं वजन, मगच दगडांचं. दर शनिवारी त्या त्याला घासून असा चकचकीत करत, की त्यात तोंड दिसावं.

आणि प्रत्येक दगड तीनदा. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. ही सवय दगडांपुरती राहिली नव्हती. सव्विसाव्या वर्षी एक स्थळ आलं होतं. ताईंनी चटकन हो म्हटलं, सगळ्या नातलगांत बोभाटा झाला आणि पंधरा दिवसांनी तिकडून नकार आला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर ताई भाजीसुद्धा तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय घेईनात. आई डोक्याला हात लावून म्हणे, "मोजत बस तू! आयुष्य संपेल आणि तुझं तिसरं वजन राहून जाईल."

तर एका मंगळवारी सकाळी साडेनऊला काटेवाला आला.

काटेवाला म्हणजे प्रयोगशाळांचे काटे तपासणारा माणूस. वर्षातून दोनदा यायचा, गेली बावीस वर्षं. उंच, किडकिडीत, कपाळ मागे सरकत चाललेलं. हातात लाकडी पेटी, तिच्यात मखमलीच्या खळग्यांत बसवलेली प्रमाण वजनं. त्यांना तो उघड्या हाताने कधी शिवत नसे. पांढरे हातमोजे आणि चिमटा. बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, म्हणायचा. बोलायचा बेताचं, चहा अर्धा कप, आणि आवाज सदा एका पट्टीतला. पाऊस पडतोय हेही त्याच आवाजात सांगायचा आणि तुमचा काटा मोडीत काढा हेही त्याच आवाजात. मनातलं काही समजेल तर शपथ, ताकाला तूर लागू देत नसे.

ताईंना तो आवडत असे. हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं, आणि आईला ते अठरा वर्षांपासून ठाऊक होतं, कारण वर्षातले दोनच दिवस ताई निळी साडी नेसत.

त्या दिवशी त्याने काटा तपासला, शिक्का मारला, वजनं पेटीत ठेवू लागला. आणि पेटीकडे बघतच म्हणाला, "उद्यापासून माझा भाग बदलतोय. या काट्याला दुसरा माणूस येईल."

"असं?" ताई म्हणाल्या. त्यांच्या हातातला चिमटा खाली पडला.

"माणूस चांगला आहे. काम नीट करतो." त्याने आणखी एक वजन उचलून खळग्यात ठेवलं. "माझं म्हणणं एवढंच, की वर्षातून दोनदा तुम्हाला बघणं मला पुरत नाही. पुढे तर तेही नाही. तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करावं. मी आज समोरच्या औषधांच्या प्रयोगशाळेत आहे, पाचपर्यंत."

हे सगळं त्याच आवाजात! जणू म्हणतोय, काट्याखाली एक रबर घाला, हलणार नाही.

ताईंचे कान तापले. एवढंच कसंबसं म्हणाल्या, "मी... तीनदा मोजल्याशिवाय काही सांगत नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पाचला येतो." पेटी मिटली, नमस्कार केला आणि गेला.

ताई स्टुलावर बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. मग बाहेर जाऊन आईला फोन केला.

"आई, काटेवाल्याने मागणी घातली."

"बावीस वर्षांनी? बरा वेळेवर आला मेला! हो म्हणालीस ना?"

"पाचला सांगते म्हटलं."

आई म्हणाली, "तुझ्या काळजाच्या जागी दगड आहे की काय गं? तोही तरंगणारा?"

"आई, तो असं बोलला जसं काही पावती देतोय! त्याला खरंच काही वाटतंय, की एकटं राहून कंटाळलाय, हे मला कसं कळायचं? हो म्हणेन आणि मग नुसतीच अर्धा कप चहा करत बसेन जन्मभर."

"ते मोजायचं यंत्र निघालेलं नाही," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

हाच तेवढा काटा ताईंच्या मनात रुतला होता. त्यांना लग्न हवं होतं, तोही हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण त्या माणसाच्या आत काही हललं का, हे कळल्याशिवाय त्यांच्या तोंडून हो निघणार नव्हतं. आणि पाच वाजायला सात तास उरले होते.

टेबलावर तीस दगड वाट बघत होते, मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने मांडलेले. सरांनी नव्या थरातून आणलेले. ताईंनी काट्याशेजारच्या ताटलीतून बुडव्या उचलला, फासात अडकवला आणि कामाला लागल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सकाळी बुडव्याचं वजन केलं नाही. लाल शाईतली सूचना डोळ्यांसमोर होती, पण डोळे कुठे जागेवर होते?

पहिला दगड, शंभरात ऐंशी भाग हवा. बरीच आहे, ताईंना वाटलं. दुसरा एक्याऐंशी. पाचवा ब्याऐंशी. प्रत्येकी तीनदा, तिन्ही वेळा तोच आकडा. ताई गुंडाळत होत्या, बुडवत होत्या, लिहीत होत्या, आणि मधेच हसत होत्या, मधेच घड्याळ बघत होत्या. एक दगड त्यांनी मेणाऐवजी स्वतःच्या रुमालात गुंडाळला आणि चक्क काट्याला लावायला निघाल्या.

बाराच्या सुमारास मोठे सर डोकावले. सर वामनमूर्ती, पण उत्साह हत्तीएवढा. वहीतले आकडे पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"ताई, हे चौऱ्याऐंशी?"

"तीनदा मोजलंय, सर."

सर गेले. अर्ध्या तासाने परत आले. तेव्हा शहाऐंशी होते. मग त्यांनी खुर्चीच आणली आणि तिथेच ठाण मांडलं. दगड लहान होत चालले आणि हवा वाढत चालली. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक आकड्याला सर मांडीवर थाप मारत. "अहो, हा दगड नाही, हा फेस आहे! साबणाचा फेस! एवढी हवा या डोंगराच्या पोटात? काय फुटला असेल हो, काय फुटला असेल!"

तीन वाजता शेवटचा दगड, बोराएवढा. नव्वद!

सर खुर्चीवरून उठले नाहीत, उडाले. दोन्ही हात वर करून त्यांनी काट्याभोवती अशी गिरकी घेतली, की बादली लवंडता लवंडता राहिली. शेजारच्या खोल्यांतली माणसं धावून आली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी चहा मागवला. सर ओरडून सांगत होते, "या थराला बुडबुडेताईंचं नाव! शोधनिबंधात पहिलं नाव त्यांचं, माझं दुसरं!" लोक ताईंचे हात हातात घेऊन हलवत होते. बाटल्या धुवायला आलेली बाई, आणि छापील निबंधात पहिलं नाव! ताईंना सकाळपासून तशीही भोवळ होतीच, तीत ही भर पडली. आनंद गगनात मावेना, म्हणतात ना, इथे तर तो त्या दहा बाय बाराच्या खोलीत मावायचा होता.

पण सत्तावीस वर्षांचा हात आनंदातही गप्प बसत नाही. चहाचा कप खाली ठेवताना ताईंचं लक्ष दोन दगडांकडे गेलं. सातवा आणि अठ्ठाविसावा. दोघांची एक एक बाजू ताजी फुटलेली, राखाडी. त्यांनी सहज ते एकमेकांना लावून पाहिले. खटकन बसले. एकाच दगडाचे दोन तुकडे, पिशवीत फुटलेले.

ताईंनी वही पाहिली. मोठा तुकडा, ब्याऐंशी. छोटा, एकोणनव्वद.

एकाच पावाचा मोठा तुकडा घट्ट आणि छोटा जाळीदार असं कधी होत नाही. खोलीत दंगा चालला होता आणि ताई एकट्या वहीवरून बोट फिरवत होत्या. घोडं कुठे पेंड खातंय? दगड जेवढा लहान तेवढी हवा जास्त, याचा अर्थ प्रत्येक मापात तेवढीच, अगदी तेवढीच चूक मिसळली आहे. मोठ्या दगडात ती लपते, छोट्यात उघडी पडते.

"काटा बिघडला असेल," कुणीतरी म्हणालं.

"काटा सकाळीच तपासलाय," ताई इतक्या फटकन म्हणाल्या, की तो माणूस दोन पावलं मागे सरला. मग काटा नाही, तर काय? पाणी? आज ठीक होतं. पापुद्रा? नवा होता. त्यांची नजर भिंतीवरच्या लाल शाईवर गेली.

ताईंनी बुडव्या फासातून सोडवला, पुसून कोरडा केला आणि काट्यावर ठेवला.

आकडे फिरले आणि थांबले. ५०.०००.

ताईंनी डोळे चोळले. पुन्हा ठेवला. ५०.०००. तिसऱ्यांदा. ५०.०००.

असा सरळ, गुळगुळीत आकडा त्या खोलीत कधीच दिसला नव्हता. दगड असा भरत नाही, माणूस असा भरत नाही, बुडव्या तर नाहीच नाही. असा भरणारा ऐवज एकाच माणसाच्या पेटीत असतो, मखमलीच्या खळग्यात. ताईंनी तो उलटा केला. बुडाला शिसं नव्हतं.

म्हणजे सकाळी ताटलीत काटेवाल्याने स्वतःचं प्रमाण वजन ठेवलं, आणि पेटीत भरून नेला बुडव्या! हातमोजे घालणारा माणूस. बावीस वर्षांत ज्याने चिमटासुद्धा वाकडा ठेवला नाही तो माणूस. तोंडाने पावती दिल्यासारखं बोलत होता, आणि हात? हातांना कुठलं पितळ कुणाचं हेही कळत नव्हतं!

ताई हसायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्याने, मग टेबलाला धरून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोकांना वाटलं, यश डोक्यात गेलं.

"सर," ताई कशाबशा म्हणाल्या, "माफ करा. दगडांत नव्वद हवा नाही. पंचाहत्तरच असणार, नेहमीसारखी. चूक माझी आहे. मी सकाळी बुडव्याचं वजन केलं नाही."

सरांचा वर गेलेला हात तसाच वर राहिला. "पण मी तिघांना फोन केला हो!"

"परत करा," ताई म्हणाल्या. "उद्या सगळे दगड पुन्हा मोजून देते." पहिलं नाव गेलं, थर गेला, टाळ्या गेल्या, आणि ताईंचे पाय काही जमिनीवर ठरेनात. त्यांनी ते वजन मुठीत आवळलं आणि निघाल्या. मागे सर हतबुद्ध होऊन विचारत होते, "पण हसताय कशाला?"

साडेचार होत होते. जिना, फाटक, रस्ता. समोरच्या इमारतीच्या दारातून एक उंच माणूस पळत बाहेर आला. कपाळावर घाम, हातमोजा एकाच हातात, आणि त्या हातात चकचकीत बुडव्या.

दोघं रस्त्याच्या मधोमध थांबले. एक सायकलवाला शिव्या देत बाजूने गेला.

"मी त्यांचा काटा सहा ग्रॅमने चुकीचा आहे म्हणून सांगितलं," काटेवाला धापा टाकत म्हणाला. आज त्याचा आवाज कुठल्या कुठे चढत होता, उतरत होता. "चार तास मी त्यांच्याशी भांडलो! तो खोलला. सगळा खोलला, स्क्रू न् स्क्रू. आणि आता बघतो तर याच्या बुडाला शिसं! बावीस वर्षांत असं... मला काय झालं होतं मलाच कळत नाही. तुम्हाला वाटलं असेल, हा माणूस..."

"हे घ्या तुमचं," ताईंनी मूठ उघडली.

त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "हे ओलं होतं का?"

"बादलीत होतं. सकाळपासून."

"प्रमाण वजन? बादलीत?" तो जवळजवळ रडवेला झाला. मग भानावर आला, ओशाळला, आणि मान खाली घालून म्हणाला, "पाच वाजायचे आहेत अजून. तुम्हाला तीनदा मोजायचं असेल."

"नव्वद वेळा मोजलंय," ताई म्हणाल्या. "तीस दगड, प्रत्येकी तीनदा. नव्वद वेळा एकच निघालं, की तुमचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एवढं पक्कं उत्तर मला आजवर कुठल्या दगडाने दिलं नाही." त्यांचं हसू थांबेना. "हो. माझं हो आहे."

काटेवाल्याने ते वजन उघड्या हाताने उचललं, घामेजल्या बोटांनी, आणि शर्टाच्या खिशात टाकून दिलं.

मग त्याला आठवलं, की समोरच्यांचा काटा टेबलावर सुटासुटा पडलाय. ताई त्याच्याबरोबर गेल्या आणि साडेसहापर्यंत ओंजळीत स्क्रू धरून उभ्या राहिल्या. शेवटी एक स्क्रू उरला, आणि तो कुठला हे दोघांनाही सांगता येईना.